दोन टोपल्या कालवं

ऐरोलीत, काचेच्या इमारतीच्या सातव्या मजल्यावर
रात्री दहापासून मी वर्जिनिया टाइप करते.
पानामागे अकरा रुपये,
शंभर अक्षरांत दीड चूक माफ.

चारशे वर्षांपूर्वीचा कुणी कोठारावरचा कारकून.
बोटं थंडीनं आखडलेली असावीत त्याची,
ओळी उजवीकडे कलत जातात
पाणी शिरलेल्या होडीसारख्या.
त्याचा एस अगदी एफसारखा.
पहिल्या आठवड्यात मी त्याची सगळी 'सिक' माणसं
'फिक' करून टाकली.
तसं ते अगदीच खोटं नव्हतं.

रेडकर सर सांगतात,
अर्थ लावायचा नाही, अक्षरं लावायची.

अक्षरं अशी:
मे महिन्यात शहाण्णव जण उतरले.
सोनार दोन, अत्तरवाला एक, एक न्हावी,
आणि पान भरून 'सद्गृहस्थ',
म्हणजे हातानं काहीच न करणारे.
मासे मारणारा एकही नाही.
जागा खाडीच्या तोंडाशी घेतली, कारण ती रिकामी होती.

रिकामी.
हा शब्द मी मोठा करून दोनदा पाहिला.
मी बसलेय त्या मजल्याच्या सात मजले खाली
आबांचं मिठागर होतं.
नकाशात तिथं नुसता पिवळा रंग,
असं आबा सांगायचे,
आणि पुढं काही सांगायचे नाहीत,
चहात बिस्कीट बुडवून धरायचे, विरघळेपर्यंत.

जुलैत त्यांनी खाडीचंच पाणी प्यायला घेतलं.
भरतीला खारट, सुकतीला गाळ.
ऑगस्टच्या पानांवर रोज एक नाव,
कधी तीन.
हगवण. सूज. पुन्हा हगवण.
मी भराभर टाइप करते, ती पानं सोपी असतात.
हिवाळ्यात घोडे संपले, मग बूट.
एका सद्गृहस्थानं गळपट्टीची खळ उकळून
लापशी केली.
आणि त्याच पानाच्या कडेला, बारीक अक्षरात:
नदीत कालवं पुष्कळ,
दगडांसारखी पडलेली.

सकाळी दिवा कोळीवाड्यात घरी आले.
हारकूआत्या कोयतीनं कालवं फोडत बसलेली,
पुलाच्या खांबांवरची.
हल्ली त्यांना जरा रॉकेलचा वास येतो.
तिला ती खळीची गोष्ट सांगितली.
हात न थांबवता म्हणाली,
"मराला काय झालता त्यांना?
सुकती बगाची, चिखलान उतराचा."
"सद्गृहस्थ होते, आत्या."
"मंग मरूंदे."

मार्चचं पान काल रात्री आलं.
कुंपणापाशी दोन बायका आल्या,
पाठीवर टोपल्या. कालवं.
बदल्यात एक तांब्याचं पातेलं, चिरलेलं.
त्या दिवसानंतर नऊ दिवस एकही नाव नाही,
कारकुनाचं अक्षरसुद्धा सरळ झालंय.

फॉर्मवर रकाना असतो: देणाऱ्याचं नाव.
कारकुनानं कोरा ठेवलेला.
नियमाप्रमाणे तिथं 'अज्ञात' येतं,
किंवा शाई पुसली असेल तर 'अवाचनीय'.
पण शाई पुसली नव्हती.
लिहिलंच नव्हतं.

पहाटेचे पावणेचार. एसीचा गारठा.
खाली पाणी उतरत असणार,
काल अमावास्या झाली, उधाणाचे दिवस.
मी टाइप केलं: हारकूबाय.
दुसरीसाठी जरा थांबले,
मग आत्याच्या शेजारणीचं घातलं, धर्मीबाय,
दोघी जोडीनंच उतरतात म्हणून.

तपासणीतून पान परत आलं.
चूक, दोन.
या महिन्याचा बोनस गेला.

आत्याला सांगितलं, तुझं नाव अमेरिकेत जाऊन आलं.
तिनं ताटलीत कालवं ओतली, शिंप्या बाजूला लोटल्या,
आणि विचारलं,
"मेल्यांकरं मीठ तरी व्हता कं?"

ते पान माझ्याकडे अजून आलेलं नाही.